दहशतवादविरोधी कायदे आणि करार लोकांपर्यंत न्यायचे कसे : नागपुरातल्या कार्यकर्त्यांसाठी

दरवर्षी २१ मे रोजी सरकारी कार्यालयांत दहशतवादविरोधी दिनाची शपथ घेतली जाते. १९९१ साली त्याच तारखेला राजीव गांधींची हत्या झाली, म्हणून हा दिवस. सगळे उभे राहतात, शपथ म्हणतात आणि आपापल्या टेबलाकडे परततात. शपथ घ्यायलाच हवी. पण ज्या कायद्यांच्या आणि करारांच्या जोरावर देश ही लढाई लढतो, त्यांची ओळख त्या शपथेतून होत नाही. रोज पेपर वाचणाऱ्या माणसालाही विचारलं, तर यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याबद्दल ‘तो लागला की जामीन होत नाही’ यापलीकडे फारसं सांगता येत नाही.

हा लेख ती ओळख करून देऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. महाविद्यालयातले एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, तरुण वकील, गणेश मंडळाचे पदाधिकारी, वस्तीतली वाचनालयं चालवणारे, यांच्यापैकी कुणालाही दीड तासाचं कायदा-जागृती सत्र घेता येतं. माझा आग्रह एवढाच, की भाषण कमी करा आणि कलम वाचून दाखवा. या विषयावर आवाज चढवून बोलणारे पुष्कळ आहेत, मूळ मजकूर लोकांच्या हातात देणारे फार थोडे.

तारीख, जागा, परवानगी

२१ मे हा दिवस नागपुरात सत्रासाठी गैरसोयीचा. ऊन पंचेचाळीसच्या घरात आणि कॉलेजं सुट्टीवर. त्याऐवजी दोन तारखा सुचवतो. एक, २१ ऑगस्ट. दहशतवादाच्या बळींच्या स्मरणाचा हा आंतरराष्ट्रीय दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१७ साली जाहीर केला. दुसरी, २६ नोव्हेंबर. संविधान दिन आणि २००८ च्या मुंबई हल्ल्याचा स्मृतिदिन एकाच तारखेला येतात. त्या दिवशी संविधान चौकात सकाळपासून गर्दी असते, शाळा-कॉलेजांत उद्देशिकेचं वाचन होतं. त्याच वाचनाला जोडून सत्र ठेवलं, तर वेगळी गर्दी जमवावी लागत नाही. आणि हा विषय संविधानाला जोडूनच मांडायला हवा.

बंद सभागृह घ्या. कॉलेजचा हॉल, समाजभवन, वाचनालयाची खोली, काहीही चालेल. उघड्यावर घ्यायचं असेल तर हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या, लाऊडस्पीकरची परवानगी वेगळी मागा आणि शहरात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते त्याच खेपेला विचारून घ्या. वक्ते दोनच बोलवा : एक पोलीस अधिकारी आणि एक फौजदारी खटले चालवणारा वकील. दोघं एकाच मंचावर हवेत. नुसता अधिकारी आणला तर लोक प्रश्न विचारत नाहीत. नुसता वकील आणला तर तपासाच्या अडचणी कळत नाहीत. वक्त्यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करा. कायदेविषयक शिबिरं घेणं हे त्यांचं कामच आहे. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि लॉ कॉलेज चौकातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय नागपूर जिल्ह्यातच आहेत. विद्यार्थी वक्ते हवे असतील तर तिथून सुरुवात करा.

काय छापून न्यायचं

चार पानं पुरतात. मजकूर सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा जुन्या तरतुदी असतात, आणि यूएपीएत २००४, २००८, २०१३ आणि २०१९ साली मोठे बदल झाले आहेत.

पहिल्या पानावर बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ म्हणजे यूएपीएची प्रस्तावना. दुसऱ्यावर कलम १५, ज्यात दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. तिसऱ्यावर दुसरी अनुसूची. चौथ्यावर कलम ४३ड आणि कलम ४५. अक्षर मोठं ठेवा. इंग्रजी मजकुराखाली सोप्या मराठीत दोन-तीन ओळी लिहा, मात्र हा कायद्याचा अधिकृत अनुवाद नाही, हेही स्पष्ट छापा.

सत्राची सुरुवात मात्र यातल्या कुठल्याच पानाने करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ सप्टेंबर २००६ रोजी जागतिक दहशतवादविरोधी धोरण स्वीकारलं. दहशतवादाचा संबंध कुठल्याही धर्माशी, राष्ट्राशी, संस्कृतीशी किंवा वांशिक गटाशी जोडता येत नाही आणि जोडूही नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे वाक्य पहिल्या मिनिटाला वाचा. मोमिनपुऱ्यात सत्र असो की महालात, पुढचा दीड तास कुठल्या दिशेने जाईल ते याच वाक्यावर ठरतं. कुणी मध्येच एखाद्या समाजाकडे बोट दाखवू लागलं, तर वाद घालत बसू नका, हेच वाक्य पुन्हा वाचा.

करार आणि कायदा यांची गाठ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. करार म्हणजे दिल्लीच्या आणि न्यूयॉर्कच्या लोकांचं काम, असं बहुतेकांना वाटतं. मागच्या बाकावरून हमखास विचारलं जातं, “सर, सह्या तिकडं झाल्या, आपल्या नागपूरले त्याचं काय?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर तुमच्या हातातल्या तिसऱ्या पानावर आहे.

यूएपीएच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलं आहे, की दुसऱ्या अनुसूचीतल्या करारांच्या कक्षेत जो गुन्हा ठरतो, तोही दहशतवादी कृत्यात मोडतो. ही ओळ २०१३ पासून कायद्यात आहे. आता अनुसूची वाचा. विमान अपहरणाविरुद्धचा १९७० चा हेग करार, नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेचा १९७१ चा माँट्रियल करार, ओलीस ठेवण्याविरुद्धचा १९७९ चा करार, सागरी वाहतुकीचा १९८८ चा करार, बॉम्बहल्ल्यांविरुद्धचा १९९७ चा करार. आधी असे नऊ होते. २०१९ च्या दुरुस्तीने अणु-दहशतवादाविरुद्धचा २००५ चा करार जोडला गेला. म्हणजे सोनेगावच्या विमानतळावर उभ्या विमानात कुणी काही केलं, तर नागपुरातल्या आरोपपत्रात हेग आणि माँट्रियलचा संबंध येऊ शकतो. हे वाचून दाखवलं, की मागच्या बाकावरचेही पान उलटून बघू लागतात.

मग पहिलं पान. सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबर २००१ रोजी ठराव १३७३ मंजूर केला. अमेरिकेवरच्या हल्ल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. दहशतवादाला पैसा पुरवणं गुन्हा ठरवा, मालमत्ता गोठवा, आश्रय देऊ नका, हे या ठरावाने सगळ्या देशांवर बंधनकारक केलं. त्याचा नावानिशी उल्लेख यूएपीएच्या प्रस्तावनेत आहे. त्याची अंमलबजावणी कलम ५१अ मधून होते, ज्याखाली केंद्र सरकार यादीतल्या व्यक्ती-संस्थांचा पैसा आणि मालमत्ता गोठवू शकतं.

संविधानाचे दोन अनुच्छेद इथेच सांगून टाका. अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांविषयी आदर वाढवायला सांगतो. अनुच्छेद २५३ करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला देतो. हेग कराराला २०१० च्या बीजिंग प्रोटोकॉलची जोड मिळाली आणि आपल्याकडे २०१६ चा अपहरणविरोधी कायदा आला. अपहरणात ओलीस किंवा सुरक्षा कर्मचारी दगावला तर त्यात मृत्युदंडाची तरतूद आहे. विश्वासार्ह वाटेल अशी अपहरणाची धमकी देणंही त्यात गुन्हा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात देशभरातल्या विमान कंपन्यांना शेकडो खोट्या धमक्या आल्या होत्या, तो संदर्भ तरुणांना पटकन लागतो.

एवढं झालं, की करार प्रत्यक्षात काय करतो ते दाखवायला एक खटला पुरतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यातला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालमध्ये पकडला गेला. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तेव्हा प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. भारताने परस्पर सहकार्याच्या हमीवर आणि १९९७ च्या बॉम्बहल्लाविरोधी कराराच्या आधारावर त्याला मागितलं, कारण दोन्ही देश त्या करारात होते. फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवणार नाही, असं आश्वासन भारताने दिलं. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. पुढे टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, पण ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोर्तुगालला दिलेला शब्द सरकारला पाळावा लागेल.

ही गोष्ट सांगितल्यावर लोक चिडतात. २५७ माणसं मेली आणि आपण अटी मान्य केल्या? त्यांना बोलू द्या. मग शांतपणे विचारा, की अटी मान्य केल्या नसत्या तर तो इथल्या न्यायालयासमोर उभा राहिला असता का. आणि दिलेला शब्द आपणच मोडला, तर पुढचा आरोपी दुसरा कुठला देश आपल्या हवाली करेल? एप्रिल २०२५ मध्ये २००८ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं गेलं, तेही प्रत्यार्पण कराराच्याच वाटेने आणि तिथल्या न्यायालयांतून वर्षानुवर्षं झगडून. कराराची ताकद कुठे असते, हे इथे लोकांच्या ध्यानात येतं.

जे झालेलं नाही, तेही सांगा. दहशतवादाविरुद्ध एक सर्वसमावेशक जागतिक करार असावा, हा प्रस्ताव भारताने १९९६ साली संयुक्त राष्ट्रांत मांडला. तो अजून मंजूर नाही. घोडं व्याख्येवर अडलं आहे : स्वातंत्र्यलढे आणि देशांची सैन्यं त्यात धरायची की वगळायची, यावर एकमत होत नाही.

नागपूरची उदाहरणं

१ जून २००६ रोजी महालातल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि तीन हल्लेखोर पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ३० जुलै २०१५ रोजी १९९३ च्या बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनला फाशी झाली, ती नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात. या दोन घटना गावातल्या जाणत्या माणसांना आठवतात, त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका.

तिसऱ्या उदाहरणावर मात्र थांबा, कारण कायद्याची बारीक कलमं किती महत्त्वाची असतात ते त्यातून कळतं. यूएपीएखाली न्यायालयाला गुन्ह्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, हे कलम ४५. पुरावे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या प्राधिकरणाने सात कामकाजाच्या दिवसांत शिफारस द्यायची आणि सरकारने पुढच्या सात कामकाजाच्या दिवसांत निर्णय घ्यायचा, असं २००८ चे नियम सांगतात. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली २०१७ साली गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मंजुरीतल्याच दोषामुळे त्यांना मुक्त केलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल रद्द करून फेरसुनावणी घ्यायला सांगितलं, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं.

सभागृहात या निकालावर दोन तट पडतील. कुठलीच बाजू घेऊ नका. दोन्हीकडच्यांना एकच गोष्ट दाखवा : मंजुरीचा कागद नीट नसेल, तर खरा गुन्हेगार सुटू शकतो आणि निर्दोष माणूस वर्षानुवर्षं आत राहू शकतो. कडक कायदा हवा असणाऱ्याने कलम ४५ च्या काटेकोर पालनाचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

समोर कोण बसलंय त्याप्रमाणे

विद्यार्थ्यांना बेकायदेशीर संघटना आणि दहशतवादी संघटना यांतला फरक सांगा. पहिलीवर ठरावीक मुदतीची बंदी येते आणि न्यायाधिकरण ती तपासतं, जसं सिमी किंवा पीएफआयच्या बाबतीत झालं. दुसरीचं नाव थेट पहिल्या अनुसूचीत जातं, जसं भाकप (माओवादी) चं आहे. २०१९ पासून एकट्या व्यक्तीचं नावही चौथ्या अनुसूचीत टाकता येतं. बंदी असलेल्या बेकायदेशीर संघटनेचं नुसतं सदस्य राहणंही गुन्हा ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं. दुसऱ्या बाजूने, एखादं साहित्य केवळ जवळ असणं म्हणजे दहशतवादी गुन्हा होत नाही, असंही याच न्यायालयाने जुलै २०२३ च्या एका जामीन निकालात म्हटलं. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा.

इतवारीतले व्यापारी आणि सहकारी बँकांचे लोक असतील, तर कलम १७ आणि ५१अ घ्या. दहशतवादी कृत्यासाठी पैसा उभा करण्याची शिक्षा किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बँकेतल्या माणसाला करून दाखवण्यासारखी एक गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतली एक नोंद पडद्यावर लावा. नावाच्या खाली टोपणनावं, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व असा मजकूर असतो. मग विचारा, ग्राहकाचं फक्त नाव जुळलं तर काय कराल? खोलीतले निम्मे म्हणतील, खातं बंद. बरोबर उत्तर असं, की बाकीचे तपशील पडताळायचे, वरिष्ठांना कळवायचं आणि सरकारने घालून दिलेल्या कार्यपद्धतीने जायचं. नावासारखं नाव असलेल्या गरीब माणसाचा पगार अडकवून दहशतवादाला काही आळा बसत नाही.

मंडळांना वर्गणीचं सांगा. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यायची, प्रत्येक रुपयाची पावती फाडायची, परदेशातून येणारा पैसा २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखालच्या परवानगीशिवाय घ्यायचा नाही. घरमालक असतील तर भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचं सांगा आणि पुढे जा, ते त्यांना माहीत असतं.

अटक आणि जामिनाचे प्रश्न

हा भाग वकिलानेच घ्यावा. मुद्दे मोजके आहेत. अटक झालेल्याला २४ तासांत न्यायाधीशापुढे न्यावं लागतं. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, यूएपीएच्या प्रकरणातही, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी सांगितलं. तपासाला ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात, पण सरकारी वकिलाच्या अहवालावर न्यायालय समाधानी झालं तरच. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर कलम ४३ड प्रमाणे जामीन मिळत नाही. तरीही खटला अति लांबला तर घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं, असं २०२१ च्या नजीब निकालात आलं. अटकेत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११३ हेही दहशतवादी कृत्याचं कलम आहे. गुन्हा त्याखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. आलेल्या अधिकाऱ्याला हा निर्णय कसा घेतला जातो ते सगळ्यांसमोर विचारा.

पीडितांसाठी

विदर्भात हा भाग गाळणं म्हणजे अन्याय आहे. गडचिरोलीतल्या हिंसाचारातले जखमी उपचाराला नागपुरात येतात. अशा नागरिकांसाठी केंद्राची मदत योजना २००८ पासून आहे. दहशतवादी, नक्षलवादी किंवा जातीय हिंसाचारात मृत्यू झाल्यास किंवा ५० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आल्यास, ऑगस्ट २०१६ नंतरच्या घटनांसाठी पाच लाख रुपये मिळतात. अर्जाची वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते. एफआयआरची प्रत, मृत्यू किंवा अपंगत्वाचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं पहिल्या आठवड्यातच जमवायला सांगा. नंतर ती मिळवताना कुटुंबाची फार दमछाक होते.

निवेदन कुणाला द्यायचं

सत्र संपताना सह्यांचं निवेदन तयार ठेवा, पण योग्य दारात न्या. करार हा केंद्राचा विषय, म्हणून जागतिक करारासाठी पाठपुरावा करण्याची मागणी खासदारांकडे द्या. आमदारांकडे ती नेऊन उपयोग नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार सिव्हिल लाइन्समध्ये येतं, तेव्हा राज्याच्या हातातलं मागा : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ प्रमाणे साक्षीदार संरक्षण योजनेची खरीखुरी अंमलबजावणी, नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुरेसा कर्मचारीवर्ग, विशेष न्यायालयांत रिक्त जागा न ठेवणं. निवेदन एका पानाचं असू द्या, प्रत्येक मागणीसमोर कलमाचा आकडा लिहा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.